आखूड वळण

"तू लबाडी केलीस," पिल्लूनं जाहीर केलं. "वळणापर्यंत चौदा लंगड्या लागतात. तू नऊच घातल्यास."

"नवव्या लंगडीलाच वळण आलं, तर काय भिंतीत घुसू?" भोपळ्या धापा टाकत म्हणाला.

सुट्टीमुळे शाळा बंद होती. बॉम्बपासून आसरा म्हणून मैदानात खणलेला नागमोडी खंदक या तिघांचाच झाला होता. खारूचं मात्र खेळात चित्त नव्हतं. पाच दिवसांपूर्वी भर संध्याकाळी विमानं आली आणि सायरन वाजलाच नाही. दोन माणसं जखमी झाली. सायरनची जमिनीखालची केबल सांभाळायचं काम खारूच्या बाबांचं. आदल्या दिवशी, कुणी न सांगता, केबलच्या चेंबरमध्ये, जमिनीतल्या झाकणबंद खड्ड्यात, उतरताना त्यांना पहारेकऱ्यानं पाहिलं होतं. झालं, घातपाताचा संशय घेऊन बाबांना नेलं. उद्या आरोपपत्र कोर्टात जाणार होतं. धाकट्या भावाला, पिल्लूला, आईनं सांगितलं होतं, बाबा कामावर गेलेत.

तपास अधिकारी बाईंनी घरी येऊन बाबांची करवत, पक्कड, सगळं पाकिटांत घातलं, मोहोर लावली, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. चेंबरमधला जोड नुकताच उघडलेला होता. केबल तपासायच्या मीटरचा आकडा घसरला म्हणून उघडून पाहिला, असं बाबा सांगत होते. पण आकडा का घसरावा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. खारू रडकुंडीला येऊन बाबांची बाजू मांडू लागली, तेव्हा बाईंनी तिला झिडकारलं नाही. तुझा विश्वास कोर्टात ठेवता येत नाही, म्हणाल्या. तिथं वस्तू बोलते, आणि कुणी मध्येच हाताळली की ती मुकी होते.

नऊ लंगड्या. खारू उठली. बाकीची सगळी वळणं चौदावर होती. इथंच खंदक अचानक मुरडला होता, आणि समोरच्या भिंतीची माती भुसभुशीत, थापलेली होती. तिनं वर येऊन पाहिलं. फाटकाजवळ चेंबरचं झाकण, पलीकडे सायरनचा खांब. दोन्हींमधली सरळ रेघ, म्हणजे केबलची वाट, नेमकी इथूनच जात होती.

पिल्लूनं लगेच माती उकरायला हात घातला. खारूनं त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

भोपळ्याचा चेहरा उतरला होता. तो मामाकडे वाढलेला, आणि खंदक खणणाऱ्यांचा मुकादम त्याचा मामाच होता.

"इथलं खणणं चालू होतं तेव्हा मी डबा घेऊन आलो होतो," तो हळूच म्हणाला. "मामा इथं माती लोटत होता. दगड लागला, म्हणाला. रात्री जेवला नाही."

हे बाईंना सांगावं, तर त्याचा मामा अडकणार. त्याला गप्प राहा म्हणावं, तर बाबा अडकणार.

"बाईंना मीच सांगतो," भोपळ्या म्हणाला. "तू सांगितलंस तर म्हणतील, बापासाठी बोलतेय."

बाई आल्या. आधी फोटो काढले, मापं घेतली, पंच उभे केले, मगच माती काढायला लावली. वीतभर आत केबल निघाली. तिच्या शिशाच्या आवरणाला टिकावाचं भोक, वर कोंबलेली चिंधी, आणि आतल्या तारांवर गुंडाळलेला कागद ओलाचिंब. भोकातून पाणी मुरत गेलं, म्हणून आधी आकडा घसरला आणि मग केबल गेली. बाईंनी मुकादमाला तिथंच बोलावून घेतलं. नोकरी जाईल म्हणून बुजवलं, एवढंच तो बोलला.

हा घातपात नव्हे, बाई म्हणाल्या, पण लपवल्याचा गुन्हा आहेच. शिक्षा कोर्ट ठरवेल. मग त्या मुलांकडे वळल्या. "मी त्या जोडापाशीच थांबले, पुढे पाहिलं नाही. माझं चुकलं. तुम्ही पाहिलंत आणि वर हातही लावला नाहीत. शाबास."

संध्याकाळी बाबा ठाण्याबाहेर आले. पिल्लू त्यांच्या कमरेला बिलगला. इतके दिवस कसलं काम होतं, म्हणून त्यानं जाब विचारला. बातमी ऐकून आलेल्या शाळेच्या हेडमास्तरांनी तिघांचं तोंडभरून कौतुक केलं, पण भोपळ्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. घरी कुठल्या तोंडानं जायचं, हे त्याला कळत नव्हतं.

खारूनं बाबांना सगळं सांगितलं.  ते भोपळ्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, आधी तुझ्या घरी जाऊ. मामीशी मी बोलतो."