दादाचे भाऊ

गादीकामाला दोन माणसं लागतात. एकानं कापड ओढायचं, दुसऱ्यानं खिळा ठोकायचा. ओढणाऱ्याचा हात ढिला पडला तर सुरकुती राहते, जास्त ताणला तर कापड उसवतं, आणि गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसेल तेव्हा तेव्हा आपला उद्धार करतं. आमच्या दुकानात दादा ठोकायचा आणि मी ओढायचो. त्याच्या ओठांत बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. काय ते भुवईनं सांगायचा. बाबांनी आम्हाला असंच शिकवलं होतं. आई-बाबा गेल्यावर खाली दुकान, वर खोल्या आणि आम्ही दोघं, एवढंच उरलं. पुढे वहिनी आली. ती गमतीनं म्हणायची, "मी यांची दुसरी बायको. पहिली तुम्ही, भाऊजी."

मंडळाच्या खुर्च्यांच्या दुरुस्तीचं काम आलं, तिथून सगळं सुरू झालं.

मंडळ म्हणजे बंधुमंडळ. आमच्याच रस्त्यावर, रंगाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा हॉल होता. रविवारी दुपारी पुरुषमंडळी स्वच्छ कपडे करून तो अरुंद लाकडी जिना चढत आणि उन्हं कलली की हसतमुखानं उतरत. आत काय चालतं ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, पण कुणी वाईटही बोलत नसे. मंडळातला माणूस आजारी पडला की उशाशी कुणीतरी हजर. कुणाची भिंत खचली की चार जण बाह्या सरसावून उभे. "इथे कुणी एकटा नाही," हे त्यांचं ब्रीद होतं.

दादा खुर्च्यांची मापं घ्यायला गेला तो दुपारभर आलाच नाही.

"चांगली माणसं आहेत रे," आल्यावर म्हणाला.

"करतात काय तिथे?"

"काही नाही. बसतात, बोलतात. लहानपणीच्या गोष्टी सांगतात."

"म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा."

तो हसला आणि पुढच्या रविवारी मंडळात दाखल झाला.

खरं सांगायचं तर मंडळानं आमच्यावर उपकारच केले. त्याच महिन्यात वहिनीचं पोटाचं ऑपरेशन निघालं. मी एकटा धावपळ करायच्या तयारीत होतो, पण दवाखान्यात पोचलो तर तिथे आधीच मंडळातल्यांची रांग. पोस्टमन रक्त देऊन दंड दाबत बसलेला, दातांचे डॉक्टर तिथल्या डॉक्टरांशी बोलत उभे, आणि बेकरीवाला दादाच्या खांद्यावर हात टाकून बाकावर. दादा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता. आई गेली तेव्हा तो माझ्यासमोर रडला नव्हता. माझ्या हातात थर्मास होता. तो कुणाला द्यावा ते मला कळेना.

"एका दिराला कंटाळले होते," बरी होऊन घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "आता तर रांगच लागली! तुम्हीही जा ना, भाऊजी. जरा माणसांत याल."

मी म्हटलं, बघू. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून माणूस जळतो, हे मला माहीत होतं. मी जळत होतो ते माझ्याच भावाचं बरं झालेलं बघून.

त्यातला बेकरीवाला मला सगळ्यात जास्त खुपायचा. गोरा, जाडसर, सदा हसरा माणूस. दुपारची भट्टी थंड झाली की तो आमच्या दुकानात येऊन बसायचा. एकदा मी बाहेरून गोणपाटाचे गठ्ठे घेऊन आलो, तर तो दादासमोर गुडघ्यावर बसून सोफ्याचं कापड ओढत होता. मी दारातच थांबलो. दादानं भुवई उचलली, त्यानं हात अर्धं बोट सरकवला. ठक. पुन्हा भुवई, पुन्हा ठक. कापडावर एक सुरकुती नव्हती. ते शिकायला मला सगळं बाळपण लागलं होतं.

"पाव सोडून गाद्या कधीपासून भाजायला लागलात?" मी विचारलं.

"येतं हो मला," तो साधेपणानं म्हणाला. "बाबांनी शिकवलंय."

मला वाटलं, त्याच्या बाबांनी. त्याचे बाबाही बेकरीवाले होते, हे नंतर आठवलं.

मग एक दिवस तो मनगटावरची खूण दाखवत गप्पा मारत होता. "लहानपणी सरसाचं उकळतं भांडं सांडलं हातावर. दादानं मला खांद्यावर घेतलं आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत धावत सुटला. पायात चप्पलसुद्धा नाही!"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. ती गोष्ट माझी होती. खूणही माझी होती, डाव्या मनगटावर, पिंपळपानासारखी. मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. आता बेकरीवाल्याच्या हाताला भाजल्याच्या खुणा असायच्याच, त्यात नवल ते काय? दादानं गोष्ट सांगितली असेल, यानं ती स्वतःच्या नावावर खपवली असेल. लोक करतात असं. मी स्वतःची समजूत घातली.

पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"मी रडलो नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मुठीत पितळी खिळा धरला होता घट्ट. त्याचं टोक रुतत होतं, म्हणून हाताचं दुखणं कळेना. हे मी दादालाही कधी सांगितलं नाही."

मीही नव्हतं सांगितलं. दादाला नाही, आईला नाही, कुणालाच नाही.

तो गेल्यावर मी दादाला गाठलं. "सरसाचं भांडं कुणाच्या हातावर सांडलं होतं, दादा?"

त्यानं ओठांतले खिळे तळहातावर काढले. "याच्याच की. आत्ता गेला ना, त्याच्या."

"दादा, तो मी होतो."

मी बाही वर केली. त्यानं माझं मनगट निरखून पाहिलं, नव्या गिऱ्हाइकानं आणलेली मोडकी खुर्ची पाहावी तसं. मग सौम्यपणे म्हणाला, "अरेरे. तुलाही लागलं होतं का?"

त्यानंतर मी एकेक प्रसंग काढून पाहिला. छपरावर अडकलेला पतंग, तापात आईनं रात्रभर पाय चोळले ती गोष्ट, बाबांना चुकवून खाल्लेली साखर. दादाला सगळं लख्ख आठवत होतं. पतंगाला पोस्टमन होता. ताप दातांच्या डॉक्टरांना आला होता. साखर खाताना सगळेच होते, एका रांगेत, चिकट हातांनी.

मी त्यात कुठेच नव्हतो.

वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, विसरतात माणसं. आणि बघा ना, किती आनंदात असतात हल्ली."

तेच तर खरं होतं. दादा इतका आनंदात कधीच नव्हता. माझ्याशी तो गोड वागायचा. पाहुण्याशी वागावं तसं. ताटावर आग्रह करायचा. एकदा तर त्यानं मला "अहो" म्हटलं.

त्या "अहो"नं माझी झोप उडवली. मला मंडळाचं गूढ उकलायचं नव्हतं. मला माझा भाऊ परत हवा होता, आणि तो मिळत नसेल तर त्या माणसांच्या हातातून तो हिसकावून घ्यायचा होता. रविवारी मी धुतलेला सदरा घातला आणि जिना चढलो.

आत लांबलचक टेबल, आमच्याच हातच्या खुर्च्या, उघड्या खिडक्यांतून येणारं ऊन आणि खालच्या दुकानातल्या रंगाचा वास. दिवे नाहीत, पडदे नाहीत, मंत्र नाहीत. सगळे माझ्याकडे वळून इतक्या मायेनं हसले की मला स्वतःचाच राग आला.

"ये, बस," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आत यायचं तर एक आठवण ठेवायची आमच्यापाशी. बस, एवढंच."

मी दादाकडे बघत सुरुवात केली. "लहानपणी सरसाचं उकळतं भांडं—"

"ती आहे आमच्याकडे," बेकरीवाला हळुवारपणे म्हणाला. "दुसरी सांग."

मी दुसरी सांगितली.

कोणती, ते मला आता सांगता येणार नाही. एवढं कळतं की ती आईची होती, कारण सांगून संपलं तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे डोळे भरून आले होते आणि माझे कोरडे होते. मग बाकीचे बोलले. एकामागून एक, खालच्या आवाजात, घाई न करता. मी ऐकत राहिलो. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत माझ्या हातांवर आलं.

दादानं भुवई उचलली. "चल, धाकट्या. घरी जाऊ."

धाकट्या! किती महिन्यांनी.

बरं वाटतं आता. दुकानात पुन्हा मी ओढतो, तो ठोकतो. कधी पोस्टमन ओढतो, कधी बेकरीवाला. कोण ओढतंय याचं मला आता काही वाटत नाही. मला ताप आला तर उशाशी कुणीतरी असतं. इतके महिने मी कशाला कुढत बसलो होतो, याचंच नवल वाटतं.

परवा दुपारी एक बाई दुकानात आली. हातात प्रवासाची पिशवी, केस विस्कटलेले. बेकरीवाल्याची बहीण, परगावी दिलेली. भावाला भेटून सरळ आमच्याकडे आली होती.

"तुम्ही त्याच्या मंडळातले ना?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "काय केलंत हो त्याला? मला चहा विचारतो, गाडीला गर्दी होती का विचारतो. परक्यासारखा. आम्ही दोघंच होतो घरात. भट्टीच्या भिंतीला पाठ लावून झोपायचो, दोघंच."

मला ती भिंत आठवली. तिची ऊब, जिन्यावर सांडलेलं पीठ, पत्र्याचे काळे ट्रे. आम्ही सगळे तिथे ओळीनं झोपायचो.

"निदान आईची हाक तरी आठवते का, म्हणून विचारलं," तिचा आवाज चिरकला, "तर नुसता हसतो."

मला तिची दया आली. मी खुर्ची पुढे केली.

"आठवते की," मी म्हणालो. "संध्याकाळी पहिला पाव निघाला की आई खालून हाक मारायची. 'चिमणे, ये गं लवकर, गरम आहे तोवर ये.'"

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं पांढरी पडली.

"कुणाला?" तिनं विचारलं. "कुणाला हाक मारायची?"

"मला," मी म्हणालो.