तांब्यावर नसलेला रघू

अ‍ॅग्नेस माझ्या पणजीची बहीण. ही हकीगत तिने मरेपर्यंत सांगितली, आणि एकदाही त्यातला शब्द बदलला नाही. म्हणून मी ती खरी मानतो.

साल १८८७. वार सोमवार. ठाण्याच्या खाडीजवळचं घर.

रात्र नव्हती... भर दुपार होती.

तिचा नवरा लिनो मुंबईत चित्रकला शिकलेला. मिठागरावर बसून तो मजुरांची चित्रं काढायचा. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत मुकादमाने रघू नावाच्या मजुराला काठीने मारलं. रघू जागीच गेला. मिठागराचा मालक म्हणाला, त्या दिवशी रघू कामावर आलाच नव्हता.

पण लिनोच्या चित्रात तो होता.

रघूच्या बायकोला, तुळसाला, लिनोने शब्द दिला. हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवतो. एक कागद कोणीही फाडेल, दहा छाप कुठे कुठे फाडणार? सोमवारी मामलेदारासमोर ठेवू.

पहिला छाप.

छापयंत्राचं चाक अ‍ॅग्नेसने फिरवलं. कागद उचलला. मुकादम काळाभोर, ठसठशीत. वाकलेले मजूर फिकट. आणि मधोमध...

कोरं.

तिला हे काम ठाऊक होतं. पत्र्यावरच्या मेणात सुईने ओढलेली रेघ तेजाब, म्हणजे आम्ल, खातं. जितका वेळ तेजाबात, तितकी रेघ काळी. जे उमटू नये त्यावर आधीच रोगण फासतात. मुकादमाला भरपूर वेळ मिळाला होता.

रघूला रोगण.

“झाकलंस त्याला?”

लिनो हात पुसत राहिला. मालक हे चित्र विलायतेच्या प्रदर्शनाला पाठवणार होता.

“मेलेल्याला काय फरक पडतो, अ‍ॅग्नेस?”

दुसरा छाप.

कोऱ्या जागेत दोन पावलं... भेगाळलेली.

“शाई नीट पुसली नाहीस,” म्हणत लिनो हसला. तिने पत्र्यावर त्याच जागी नख फिरवलं.

गुळगुळीत तांबं.

तिसरा.

गुडघे. पाठ. तेजाबाचं तसराळं धुऊन पालथं घातलेलं. त्याच्याखालून बारीक चरचर... तांबं खाल्लं जाताना येते तशी.

लिनो आता हसत नव्हता.

चौथा.

अख्खा रघू. मुकादमाकडे बघतच नव्हता. चित्र काढणाऱ्याकडे बघत होता... हात पुढे करून.

“तो पडला तेव्हा तू काय करत होतास, लिनो?”

“रेघ चुकू नये म्हणून बघत होतो.”

अ‍ॅग्नेसने तो ओला कागद गुंडाळला आणि निघाली. तुळसा कचेरीच्या पायरीवर बसली होती. रघू आहे ह्यात, मी पाहिलाय, असं तिला सांगितलं. कागद हातातून सोडला नाही. मामलेदारासमोर स्वतः उलगडला.

मुकादम होता. मजूर होते. मधोमध...

कोरं.

कारकुनाने विचारलं, भूत कामाला ठेवलं होतं का? सगळे हसले.

तुळसा हसली नाही, रडली नाही.

“बाय, तू पन?”

पुन्हा ती अ‍ॅग्नेसशी कधी बोलली नाही.

अ‍ॅग्नेस म्हणायची, “लिनोने मला का फसवलं ते समजतं. रघूने का फसवलं ते नाही समजत.”

चौथ्या छापात रघू कोणाकडे बघत होता ते आठवलं, की मला एक कारण सुचतं...

ते मी लिहीत नाही.