दुपारची शिकवणी

समुद्राकाठच्या महदिया या अरब गावात ऑगस्टमध्ये दुपारी एक ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुकानांच्या निळ्या फळ्या लागलेल्या असतात, खिडक्या आतून बंद असतात, आणि मांजरंसुद्धा ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत पाय ताणून पडलेली असतात. अशा वेळी रफीका घराबाहेर पडली, ती अगदी साध्या कामासाठी. तिला इंटरनेटवर जायचं होतं.

ते नेमकं कुठं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. लसादच्या दुकानात ते तासावर मिळतं आणि ते एक दुकान दुपारीही उघडं असतं, एवढं तिनं ऐकलं होतं. एकतीस वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात होती. या भोकातली दोरी काढायची, त्या भोकात खुपसायची, की इकडची सासू तिकडच्या सुनेशी बोलायला लागायची. साऱ्या गावाची बोलणी तिनं जोडून दिली, आणि तीन वर्षांपूर्वी पोटच्या मुलीचा फोन मात्र स्वतःच्या हातानं आपटला. उल्फानं तिकडं मॉन्ट्रियलला न विचारता लग्न केलं होतं, तेही एका घटस्फोटित माणसाशी. "पुन्हा फोन करू नकोस," रफीका म्हणाली होती. पोरगी आईच्याच वळणाची. तिनं केला नाही.

गेल्या आठवड्यात नात्यातला एकजण कॅनडाहून आला आणि एक चिठ्ठी देऊन गेला. उल्फाला मुलगी आहे, दोन वर्षांची, नाव सिरीन. खाली आईसाठी निरोप होता: 'उम्मीला बघायची असेल तर या इंटरनेटच्या पत्त्यावर लिहावं. मी फोन करणार नाही. फोन ती ठेवते.'

संध्याकाळी गेलं असतं तर शेजारच्या महबूबानं पाहिलं असतं, आणि महबूबाच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणून ही दुपार. नवरा खमीस घोरायला लागल्याबरोबर रफीकानं चपला हातात घेतल्या, उंबऱ्याबाहेर जाऊन पायात घातल्या आणि गल्लीला लागली.

ऊन असं की पांढऱ्या भिंतींकडं बघवत नव्हतं. समुद्र कुठंतरी जवळच होता, पण त्याचाही आवाज नव्हता. लहानपणी याच वेळेची भीती घालायचे. झोप, नाहीतर दुपारची म्हातारी येईल. भर उन्हात ती दारोदार फिरते म्हणे, कोण पोर जागं आहे बघत, आणि सापडलं की घेऊन जाते. रफीकानं उल्फालाही याच म्हातारीच्या नावानं झोपवलं होतं. आठवून तिला हसू आलं. तेवढ्यात तिला वाटलं, आपल्या चपलांच्या चट्-चटीमागं आणखी एक आवाज आहे. मऊ, अनवाणी पावलांसारखा. ती थांबली. तो आवाज थांबला... पण एक पाऊल उशिरानं.

"भिंतीवरून उलटून येत असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि चालण्याचा वेग वाढवला.

लसाद चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. टेबलावर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर गाल ठेवून तो झोपला होता. "सहा नंबरवर बसा, खाला," एक डोळा किलकिला करून तो म्हणाला आणि परत घोरू लागला. आत अंधार होता. यंत्रं गुणगुणत होती, छताचा पंखा कुरकुरत होता. एरवी पोरांनी गजबजलेली ती खोली आज रिकामी होती.

रफीका सहा नंबरसमोर बसली. शेपटीवाली ती गोल वस्तू तिनं उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि काचेच्या पडद्यावर घासली. काहीच झालं नाही. मग तिनं ती कानाला लावली.

"पोरी," शेजारून कुणीतरी म्हणालं, "तो फोन नाही. टेबलावर ठेव."

रफीका दचकली. सात नंबरच्या यंत्रासमोर एक म्हातारी बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, आणि चादरीचं टोक दातांत धरलेलं, जुन्या बायका धरतात तसं. चेहरा दिसत नव्हता. तापलेल्या मातीचा आणि वाळलेल्या शेवाळाचा वास मात्र येत होता. साठाव्या वर्षी कुणीतरी 'पोरी' म्हटलं याचं रफीकाला इतकं बरं वाटलं, की बाकीचं तिनं मनावर घेतलं नाही.

"तुम्हाला येतं हे?"

"येतं. पोरांच्या मागं मागं यायचे इथं. बघून बघून शिकले." म्हातारीनं उसासा टाकला. "पूर्वी पोरं उन्हात उंडारायची गं. आता सगळी इथंच येऊन बसतात. मग मी तरी कुठं जाणार?"

"नातवंडांपायी काय काय करावं लागतं!" रफीका म्हणाली.

म्हातारीनं त्या शेपटीवाल्या वस्तूकडं बोट केलं. "याला माऊस म्हणतात."

शिकवणी सुरू झाली. माऊस टेबलावर सरकवला की पडद्यावरचा बाण सरकतो. रफीकानं असा जोर लावला की बाण कोपऱ्यात जाऊन दडला. मग दोनदा टिचकी मारायची होती. रफीकानं मारली.

"हळू! झुरळ मारतेयस का?"

कुठंतरी यंत्राच्या पोटात किंकाळ्या उठल्या, खरखर झाली आणि थांबली. "हे मला ओळखीचं आहे," रफीका खूश होऊन म्हणाली, "लाइन जोडली." पडद्यावर एक पांढरं पान आलं, मधोमध एक रिकामी चौकट.

"यात काय लिहायचं?"

"जे हवंय ते."

रफीकानं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: उल्फा. एन्टर दाबला. पान भरून उल्फा आल्या. गाणाऱ्या उल्फा, दात काढणाऱ्या उल्फा, बिस्किटं विकणारी एक उल्फा. वर आकडा होता, लाखांत.

"या अल्ला! एवढ्या सगळ्यांना जोडून देणारी बाई कोण आहे?"

"बाई नाही कुणी. आपण आपलंच शोधायचं." म्हातारी चादरीआडून खुदकन हसली. "त्यातली तुझी एकच. चिठ्ठी काढ की."

रफीकानं पोलक्यातून चिठ्ठी काढली. पत्ता समोर ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, चिठ्ठीचं आपण हिला काही सांगितलंच नव्हतं. पण तेवढ्यात म्हातारीनं तिला स्वतःचा टपालपत्ता उघडायच्या कामाला जुंपलं. नाव लिही. खाली उतर. आता एक गुप्त शब्द लिही, जो तुझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

रफीकानं इकडं तिकडं पाहिलं, लसादकडं पाहिलं, पडद्यावर हाताचा आडोसा धरला. खमीसच्या आधी एका शाळामास्तराचं स्थळ आलं होतं. त्याचं नाव तिनं चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. आता तिनं ते लिहिलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले.

"मुन्सिफमध्ये एक एन राहिला," म्हातारी पुटपुटली.

रफीकाच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. पण एन खरंच राहिला होता. तिनं तो घातला.

मग पत्त्याच्या मधला तो शेपूट गुंडाळलेला 'ए'. "डावीकडचं नको, उजवीकडचं आल्ट दाबून धर. आता वरच्या ओळीतला शून्य. सोड." उमटला! रफीकानं पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. पत्ता झाला, आणि समोर कोरी जागा उरली. तिथं मात्र तिची बोटं अडली. तीन वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, सगळी टोचणारी. पंखा कुरकुरत राहिला. म्हातारी वाट बघत राहिली. शेवटी रफीकानं लिहिलं: 'उल्फा, मी फोन ठेवायला नको होता. मला सिरीन दाखव. तुझी उम्मी.'

एवढं लिहायला वीस मिनिटं गेली. पाठवायला एक टिचकी पुरली.

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'उम्मी?? तू?? इथं सकाळचे नऊ वाजलेत आणि मी चुलीपाशी उभी राहून रडतेय. हा घे फोटो.'

फोटो वरून खाली, रेघारेघांनी उलगडू लागला. आधी काळे कुरळे केस. मग कपाळ. रफीका पुढं झुकली. म्हातारीही पुढं झुकली. डोळे आले, थेट उल्फाचे. रफीकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नाक आलं. मातीचा वास एकदम गडद झाला, म्हातारी आता इतकी जवळ होती. हसरं तोंड आलं.

"दात आलेत," म्हातारी हळूच म्हणाली. "अंगानं भरलेली आहे. दुपारची... झोपते का गं?"

"काय माहीत."

"विचार की."

रफीकानं भाबडेपणानं विचारलं. उत्तर आलं: 'छे! दुपारी डोळा म्हणून मिटत नाही. टुकूटुकू बघत बसते. माझा जीव मेटाकुटीला आलाय.'

म्हातारीनं ते वाचलं. चादरीचं टोक दातांतून सुटलं आणि तिनं समाधानाचा लांब श्वास घेतला. "जागीच असते..." ती म्हणाली. मग तिचा आवाज अगदी मायेचा झाला. "पत्ता काय सोपा आहे नाही हा? ना जहाज लागत, ना तिकीट."

रफीकानं वळून पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"लसाद! लसाद, ऊठ! ही बाई कुठं गेली?"

लसाद गालावर बातम्यांची शाई घेऊन उठला. "कोण बाई, खाला?"

"इथं सातवर बसली होती ती!"

"सातवर कशी बसेल? सातला खुर्चीच नाही. मार्चमध्ये मोडली."

रफीकानं पाहिलं. टेबल होतं, यंत्र होतं. खुर्ची नव्हती. मग इतका वेळ ती बसली होती कशावर?

पण रफीका एक्स्चेंजातली बाई होती. लाइन चुकीची जोडली गेली तर आधी तोडायची, रडायचं नंतर. ती परत बसली. या वेळी सांगायला कुणी नव्हतं. बाण पळाला, तिनं पकडून आणला. उजवं आल्ट, वरचा शून्य. एकटीनं तिनं लिहिलं: 'उल्फा, पोरीला दुपारी झोपव. काहीही करून झोपव. आजपासून.'

उत्तर लगेच आलं. 'वा! तीन वर्षांनी पहिलं पत्र, आणि एका तासात मला मूल कसं वाढवायचं ते शिकवायला लागलीस?'

रफीकाच्या जिभेवर सणसणीत जवाब आला. बोटांपर्यंतही आला. पण एका बोटानं लिहायचं तर भांडणसुद्धा फार वेळ खातं. पहिल्या शब्दाचं तिसरं अक्षर शोधता शोधता तिचा राग ओसरला. तिनं ते पुसलं आणि लिहिलं: 'तुझं बरोबर आहे. तू चांगली आई आहेस. पण झोपव.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'बरं. बघते.'

त्या दिवसानंतर रफीका दुपारी घराबाहेर पडली नाही. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास, भर गर्दीत, पोरांच्या कलकलाटात ती दुकानात जाऊन बसू लागली. महबूबानं दारातच गाठलं. "काय गं, या वयात कुणाला पत्रं लिहितेस?"

"तुला काय करायचंय? पहिल्या प्रियकराला," रफीका म्हणाली आणि सहा नंबरवर जाऊन बसली. महबूबा दोन दिवस कुणाशी बोलली नाही म्हणतात, इतकी ती हबकली होती.

पत्रं चांगली येत होती. उल्फा नवऱ्याबद्दल लिहायची, तिकडच्या भाज्यांना चव नाही म्हणायची, हरिसाच्या चटणीचं प्रमाण विचारायची. मिरच्या वाटायच्या आधी की लसूण, यावर त्यांचं एकदा कडाक्याचं वाजलं आणि मिटलंही. रफीकाला वाटू लागलं, आपल्याला उन्हाचा चटका बसला असेल, दुसरं काय.

आठव्या दिवशी पत्रासोबत फोटो आला.

'उम्मी, तुझे उपकार कसे फेडू? सिरीन झोपायला लागली! कुणी न सांगता, बाराच्या ठोक्याला स्वतः जाऊन आडवी होते, नाकापर्यंत चादर ओढते आणि डोळे घट्ट मिटून घेते. तीन-तीन तास हलत नाही. पण एक सांग, तू कुणाला पाठवलं होतंस का? मी जरा अंघोळीला गेले होते. दार आतून बंद होतं. आले तर ही झोपलेली, आणि हे बघ.'

फोटो रेघारेघांनी उतरू लागला. कुरळे केस. मिटलेले डोळे, इतके घट्ट की पापण्यांना सुरकुत्या पडलेल्या. पांढरी चादर. चादरीबाहेर आलेला चिमुकला उजवा हात, तळवा वर. तळव्याच्या मधोमध मेंदीचा गोल काढलेला होता, काठाला बारीक ठिपके. तसा गोल महदियात आता कुणी काढत नाही. रफीकाच्या आजीच्या वेळी काढत असत. मेंदी अजून ओली होती, हिरवीगार.

फोटोच्या खाली उल्फानं आणखी एक ओळ लिहिली होती.

'घरी आम्ही फ्रेंचच बोलतो, पण उठल्यावर ही आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, दुसरा हात उद्या.'

रफीकानं पत्राची तारीख पाहिली. कालची होती. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजत होते. म्हणजे तिकडं आत्ता बारा.