वीस मिनिटं, मग थेंब थेंब

"कोणी मारलं गं या बिचाऱ्यांना?"

टेगन दचकली. तिच्या मागे उभा राहून एक उंचापुरा माणूस सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर तिच्या पेशी तळ सोडून, गोल होऊन तरंगत होत्या. सलग चौथ्यांदा!

"मीच मारलं," ती म्हणाली. "आणखी काही?"

"नाही... पुढचा नंबर माझा आहे, म्हणून विचारलं."

तो सिओने, खालच्या मजल्यावरचा तंत्रज्ञ. ब्रिस्बेनच्या त्या संस्थेत निम्म्या संशोधकांच्या प्रयोगांसाठी पेशी तोच वाढवायचा. टेगनचं पीएचडीचं दुसरं वर्ष. एक जनुक पेशींच्या आत पोचवायचं, त्यावर तिचं पुढचं सगळं अडलं होतं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदलू, असं मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं.

"डीएनएवर ऋण भार, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणच," ती वैतागून म्हणाली. "म्हणून धन भाराचं स्निग्ध द्रव्य घालायचं. ते डीएनएला गुंडाळतं, पेशीला चिकटतं, आत नेतं. मी सगळं लिहिल्याबरहुकूम करते!"

"आणि पोषक द्रवात अँटिबायोटिक?"

"असतंच की... नेहमी."

"तिथेच चुकतंय. त्या द्रव्याने पेशीचं दार किलकिलं होतं, मग ते औषधही आत घुसतं." तो हसला. "शिवाय तुझा हात जरा सढळ दिसतोय. द्रव्य निम्मंच घाल."

पदवी नसलेला माणूस आपल्याला शिकवतोय, याचा तिला रागच आला. तरी बुधवारी तिने तसंच केलं. सिओने न बोलावता आला आणि शेजारी स्टूल ओढून बसला.

द्रव्य आणि डीएनए एकत्र केलं की वीस मिनिटं थांबायचं. त्या वेळात त्याने टोंगातल्या आईबद्दल सांगितलं, रग्बीत मोडलेलं बोट दाखवलं. ते तिने जरा जास्तच वेळ बघितलं.

"दुखतं?"

"आता नाही..."

मग तो सहज बोलून गेला, "रविवारी निघतोय. टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या इस्पितळात नोकरी लागलीय. दोन वर्षं."

टेगनने घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. तिने मिश्रण थेंब थेंब पेशींवर सोडलं.

शुक्रवारी तिने जनुकाला जोडलेली हिरवी खूण शोधली. निळा प्रकाश टाकला आणि अंधारात एकेक पेशी हिरवी उजळली. शंभरातल्या सत्तर तरी असतील. ती खाली धावली आणि सिओनेला हाताला धरून वर घेऊन आली.

त्याने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावला. "वा! जगल्या की गं."

"सिओने, मी दोन वर्षं वाट बघत बसणार नाही. आधीच सांगते."

तो डोळा न काढता म्हणाला, "बरोबर आहे. मी काही मागितलंच नव्हतं—"

"ऐक तरी! डिसेंबरचं तिकीट काढलंय मी. तुला नको असेन तर आत्ता सांग, परत करता येतं."

आता तो वळला. चेहऱ्यावर हिरवा उजेड नव्हता, पण कान लालबुंद झाले होते.

"विमानतळावर आई येईल," तो हळूच म्हणाला. "तिने मिठी मारली की सोडत नाही."

"आणि तू?"

"मी..." त्याने तिचे हातमोजे अलगद काढून ठेवले. "मी तिचाच मुलगा आहे."