हुडक्याला झालं गोधडीचं अजीर्ण

चंद्रावरच्या वसाहतीत पोरं थंडीनं कुडकुडत होती आणि बोरटेक गावात गोधड्यांचा ढीग पडला होता. तरी दोघांची गाठ का पडत नव्हती?

उद्या मालवाहू रॉकेट उडणार होतं. वसाहतीतल्या शाळेच्या बाई आज संध्याकाळपर्यंत पांघरुणं निवडणार होत्या. नाहीतर पोरांच्या नशिबी कारखान्यातली चुरचुर वाजणारी चंदेरी पांघरुणं! आणि सुलूआत्याच्या गोधडी गटाची वेबसाइट शोधयंत्रात (इंटरनेटवरची पानं धुंडाळून हवं ते दाखवणारी यंत्रणा) दिसतच नव्हती.

आत्याची दहा वर्षांची भाची केतकी हिनं तक्रार केली, तसा शोधयंत्राचा रोबो हुडक्या हजर झाला. पानं वाचणं हेच त्याचं काम. तो मोठ्यानं वाचू लागला, "गोधडी हवी? आमची गोधडी घ्या. बोरटेकची गोधडी म्हणजे गोधडीतली गोधडी. गोधडी, गोध... गोध... हिक्!"

उचक्या देत हुडक्या गरागरा फिरला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला.

"कुणी लिहिलं हे?" डोक्यावरची कोंबडी हाकलत त्यानं विचारलं.

"मी!" आत्या ताठ मानेनं म्हणाली. "टाक्याला टाका चिकटून घातला की गोधडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून शब्दही चिकटून चिकटून घातला."

"अगं आत्या, ते पान आहे, पांघरूण नाही!" केतकीनं कपाळावर हात मारला.

"एकच शब्द घोकणारं पान मला लबाड वाटतं, मी ते मागे ढकलतो," हुडक्या म्हणाला. "शिवाय प्रत्येक जण आपल्या घरातला शब्द टाइप करतो. त्याला म्हणतात कीवर्ड (शोधताना लिहिलेला शब्द). सगळे कुठे 'गोधडी'च म्हणतात?"

"एवढंच ना?" केतकीनं पानाखाली धडाधड टाइप केलं : वाकळ दुपटं पांघरूण रजई चादर सतरंजी तंबू.

"तंबू?" हुडक्याचे डोळे लुकलुकले. "ही तर भाजीची पिशवी उपडी केलीस! कुठला शब्द कशासाठी, मला कसं कळणार? असं कर, मला पाहुणा समज. काय शिवता तुम्ही?"

केतकी सांगू लागली, "आमच्या गोधड्या जुन्या सुती साड्यांच्या असतात. आमच्या गटातल्या जानकीमावशी त्यांना वाकळ म्हणतात. बाळांसाठी छोटं दुपटंही शिवतो."

"आणि आमचं हातशिलाईचं पांघरूण धुवाल तितकं मऊ होतं म्हणावं!" आत्यानं ठसक्यात भर घातली.

"बस्स! हेच लिही," हुडक्या आनंदानं म्हणाला. "ही शब्दांची भावंडं. अर्थ जवळचा, रूप वेगळं. प्रत्येक शब्द शोभेल त्या जागी बसलाय. आता वाकळ शोधणाऱ्यालाही मी इकडेच पाठवीन."

केतकीनं लिहिलं. हुडक्यानं पान पुन्हा वाचलं. एकही उचकी नाही.

सूर्य मावळता मावळता फोन वाजला. पडद्यावर वसाहतीतल्या बाई होत्या. "कधीपासून साड्यांची वाकळ शोधतेय! माझी आई शिवायची. असतील तेवढ्या सगळ्या पाठवा."

आत्यानं पदर खोचला आणि अंगणात जमलेल्या सगळ्या गटाकडे असं पाहिलं, जणू रॉकेटही तिनंच शिवलंय.

"हुडक्या, मंगळावर किती थंडी असते रे?" केतकीनं विचारलं.

"हाडं गोठतात!"

"आत्या, साड्या गोळा करायला लाग," केतकी म्हणाली. "मंगळासाठीचं पान मी लिहिते."