संकष्टीला चिडणाऱ्या मधमाश्या

चंद्रावरच्या काचेच्या बागेतल्या मधमाश्यांना पंचांग कळतं, अशी तिथल्या लोकांची खात्रीच पटली होती. महिनाभर शहाण्यासारख्या वागणाऱ्या माश्या नेमक्या संकष्टीलाच पिसाळायच्या!

आजही त्यांनी केतकीच्या आजोबांना, म्हणजे नानांना, पाच डंख मारले. नाना मोठे शास्त्रज्ञ, पण उपासाला पक्के. उपास चंद्र बघून सोडायचा, तर हे बसलेले चंद्राच्याच डोक्यावर! म्हणून ते पृथ्वीला हात जोडून उपास सोडत.

"आता पुरे," वसाहतप्रमुख पाटणकरबाई म्हणाल्या. "उद्याच्या यानाने पेट्या परत पाठवायच्या."

केतकीला रडूच कोसळलं. या माश्या तिने वर्षभर जिवापाड सांभाळल्या होत्या.

"नाना, ठोकळ्याला एकही माशी कशी चावली नाही?" तिने डोळे पुसत विचारलं. ठोकळा म्हणजे बागेतला यंत्रमानव. तोही नानांच्या शेजारीच उभा होता.

"चांगला प्रश्न आहे," सुजलेलं नाक चोळत नाना म्हणाले. "हे बघ, माश्या वासाने बोलतात. त्या वासाला फेरोमोन म्हणतात (आपल्याच जातीच्या प्राण्यांसाठी शरीरातून सोडलेला रासायनिक निरोप). मुंगी वाटेवर असा वास ठेवत जाते, म्हणून मागच्या मुंग्या रांगेत येतात. कुत्रा खांबापाशी पाय वर करतो ना, तोही निरोपच ठेवतो."

केतकी खुदकन हसली. "आणि माशी चावली की?"

"नांगीजवळून एक रसायन हवेत पसरतं. 'धावा, शत्रू इथे आहे!' मग बाकीच्याही तिथेच तुटून पडतात."

"ठोकळ्या, तो वास कसा असतो रे?"

ठोकळ्याने नानांचं नाक हुंगलं. "पिकलेल्या केळ्यासारखा."

नानांचा हात हळूच कोटाच्या खिशाकडे गेला. तिथून तीन सालं निघाली.

"उपासाला चालतात म्हणून..." ते पुटपुटले, "पेट्यांजवळच बसून खाल्ली."

केतकीने पाटणकरबाईंना ओढतच आणलं. काचेबाहेर सगळे उभे राहिले आणि तिने ठोकळ्याच्या हातात एक साल देऊन त्याला आत पाठवलं. बघता बघता माश्यांनी त्याला घेरलं! मग त्याला धुऊनपुसून रिकाम्या हाताने पाठवलं, तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणजे दोष माश्यांचा नाहीच!" पाटणकरबाईंना हसू आवरेना. "पेट्या इथेच राहतील. नाना, तुम्ही मात्र रताळी खा."

केतकीने आनंदाने उडी मारली. चंद्रावरची उडी ती, पार छताला टेकून आली.

"एक दिवस आपण माश्यांशी वासाने बोलणारं यंत्र करू," नाना म्हणाले. "पहिला निरोप काय पाठवशील?"

केतकीने नानांच्या नाकाकडे पाहिलं. "माफ करा, ते केळं होतं!"