राणीचा अंगठा

बंदरावरचा भोंगा धुक्यात घुमत होता आणि ओडेट कोपराने दार ढकलत होती. दोन्ही हातांनी पोर्टफोलिओ छातीशी कवटाळलेला. तेवढ्यात आतून कुणीतरी दार ओढलं आणि ती थेट त्या माणसाच्या अंगावरच गेली.

"चित्रं वाचली," तो भिजलेल्या शर्टाकडे बघत म्हणाला. "चहा नाही वाचला."

चित्रांना चौकटी करून देणाऱ्या त्या दुकानाचा मालक, कामगार, झाडूवाला, सगळं तो एकटाच होता... लॅकलन. ओडेटने घाईघाईने माफी मागितली आणि पोर्टफोलिओ उघडला.

"एकतीस चित्रांना पुठ्ठ्याचे माउंट हवेत. पुढच्या शुक्रवारी लायब्ररीत टोरांटोच्या बालपुस्तकांच्या प्रकाशनातल्या बाई येतायत. नव्या चित्रकारांचं काम बघायला. प्रत्येकाला दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत एकतीस? त्यांना काय पत्ते पिसायचेत?"

ओडेटला राग आला. पण तो चित्रं पाहू लागला तशी ती आपोआप बोलायला लागली. "हे जरा घाईत झालंय... याचा निळा रंग फसलाय... ही आजी तशी वाईट नाहीये, पण—"

"थांबा. ज्यांच्याबद्दल तुम्हाला काहीच सबब सांगावीशी वाटत नाही, ती बाजूला काढा बघू."

बाजूला दोनच चित्रं निघाली.

"आणि यांचे हात कुठे आहेत हो?" लॅकलनने विचारलं. "राजाचे खिशात, आजीचे शालीत, आणि हा कोळी तर कुत्र्यामागे हात लपवून बसलाय!"

ओडेटने आजीचं चित्र स्वतःकडे ओढलं. तीन वर्षं ती बेकरीतली पाळी संपवून चित्रं काढत होती, आणि तीन वर्षं ही चोरी कुणी पकडली नव्हती. "नाही जमत मला हात," ती हळूच म्हणाली. "या वेळीही नुसतं 'गोड आहेत' म्हणाल्या, तर मी मंक्टनला जाणार. ताईच्या दवाखान्यात फोन घ्यायला. तिला होही म्हणून बसलेय."

लॅकलनने चहाचा कप सरकवला आणि स्वतःचा हात काउंटरवर ठेवला. डाव्या अंगठ्यावर पात्याने झालेला जुना, तिरपा व्रण.

"काढा," तो म्हणाला. "माझे कुठे पळून जात नाहीत."

मग ती रोज दुपारी यायला लागली. तो पट्टी दाबून धरायचा, पातं ओढायचा, ओटकेकचं बिस्किट मोडून अर्धं तिच्यापुढे ठेवायचा, आणि ती काढत राहायची. पहिले हात हातमोज्यांसारखे झाले. "हे माझे? की खेकड्याचे?" तो हसायचा. तिसऱ्या दिवशी तो हसला नाही. बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि उगाचच पातं बदलायला आत गेला.

माउंट तो दिवसाला एकच द्यायचा. ते दहा मिनिटांचं काम आहे हे तिलाही दिसत होतं. तरी ती एकच घेऊन जायची.

शुक्रवारी ओडेटने नऊच चित्रं नेली. सात नव्याने काढलेली. टोरांटोच्या बाईंनी पानं उलटली. ओडेट जीभ दातांखाली धरून बसली. बाईंनी शेवटचं पान पाहिलं, मग परत पहिल्यावर आल्या.

"एक विचारू? राजाच्या अंगठ्यावर व्रण आहे. पाववाल्याच्याही आहे. आजीच्या, कोळ्याच्या... आणि राणीच्यासुद्धा. गोष्टीत आहे का असं?"

ओडेटने वाकून पाहिलं. खरंच होता. प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्यावर, तिरपा. तिचे कान तापले.

"नाही... म्हणजे... माउंट कापतो त्याचा आहे."

बाई इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "मागच्या वर्षी तुमच्या माणसांना हात नव्हते. आता आहेत, आणि जिवंत आहेत. पण एकाच माणसाचे आहेत! एक गोष्ट पाठवते, तिच्या दोन पानांची चित्रं करा. एप्रिलमध्ये येईन मी. या वेळी सगळ्यांना आपापले हात द्या."

ती परतली तेव्हा लॅकलन दारातच उभा होता. "गोड म्हणाल्या?"

"नाही. राणीला पुरुषाचा अंगठा आहे म्हणाल्या." तिने चित्र त्याच्यासमोर धरलं. त्याने राणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"मग... मंक्टन?"

"आत्ताच ताईला फोन केला. जाम चिडलीय." ती थांबली. "पण मला आता दुसरे हात शोधायचेत."

"अस्सं," तो जरा रुसलेल्या आवाजात म्हणाला. मग त्याने दारावरची पाटी उलटी केली. "चल, फेरीबोटीवर खूप मिळतील."

बोटीवर पावसाची बारीक झिमझिम होती. समोर एक म्हातारी लोकर विणत बसली होती. ओडेटने तिची परवानगी घेऊन वही उघडली. लॅकलन तिच्यावर छत्री धरून उभा राहिला.

"छान आहेत का यांचे हात?" थोड्या वेळाने त्याने विचारलंच.

"खूपच. तुझ्याहून छान." तिने मान वर केली नाही. "पण यांच्या घरी जेवायला जावं असं काही मला वाटत नाहीये."

"आणि... माझ्या?"

"तू बोलावलंयस कधी?"

छत्री हलली. दोन थेंब वहीवर पडले. "आज ये. मासे आणलेत मी. दोघांपुरते. सकाळीच आणले होते. तू नाही म्हणाली असतीस तर..."

ओडेटची पेन्सिल कागदावरच थांबली. भोंगा वाजला, पलीकडचा काठ धुक्यातून वर आला, तरी पेन्सिल हलेना.

"हो म्हण गं पोरी," म्हातारी सुयांवरची नजर न हलवता म्हणाली. "मी श्वास रोखून बसलेय इथे. टाका सुटेल माझा."

"हो," ओडेट म्हणाली.